मालगाडीच्या शेपटीचा डबा परत येईल का?

वाचकांचे प्रश्न
(उत्तरं : निवृत्त मालगाडी गार्ड, धामणगाव परिसर)

प्रश्न : काकाजी, सादर नमस्कार. मी चांदूर रेल्वे तालुक्यातला. बी.एस्सी. झालो आहे, रेल्वे भरतीचा अभ्यास करतो. आमचं वावर लाइनीला लागून आहे. मालगाडी गेली की शेवटच्या डब्यातल्या गार्डाला हात दाखवायची लहानपणापासून सवय. गेल्या काही महिन्यांत दोन-तीन गाड्या अशा पाहिल्या की शेवटी डबाच नाही. शेवटच्या वाघिणीच्या, म्हणजे मालाच्या डब्याच्या, कपलिंगवर (डबे जोडतात त्या सांध्यावर) एक पेटी बसवलेली आणि तिचा लाल दिवा लुकलुकत होता. मोबाइलवर वाचलं, की अमेरिकेत या डब्याला कबूस म्हणत, तो चाळीस वर्षांपूर्वीच गेला आणि आता तिथले काही लोक तो परत आणा म्हणतात. तो खरंच परत येऊ शकतो का? आपल्याकडचाही जाणार का? मी गुड्स ट्रेन मॅनेजरच्या, म्हणजे मालगाडीच्या गार्डाच्या, जागेचा अर्ज भरू की नको?

उत्तर : बाबू, तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा प्रश्नासाठी आणि एकदा त्या हात दाखवण्याच्या ओळीसाठी. तेहतीस वर्षं मी त्या डब्यात काढली. बडनेरा ते वर्धा आणि वर्धा ते बल्लारशा या पट्ट्यात वावरात उभं दिसेल त्या पोराला मी उलट हात दाखवला आहे. तू त्यांच्यातला एक असशील.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा अभ्यास अडणार नाही. अमेरिकेतला कबूस जसा होता तसा सगळ्या गाड्यांना पुन्हा लागणार नाही. मात्र त्या डब्यातल्या माणसाचं एक काम असं आहे, जे पेटीला अजून जमलेलं नाही. त्यामुळे काही गाड्यांना मागच्या अंगाला माणूस लागेलच, मग तो कबूसमध्ये बसो की आणखी कशात. आपल्याकडचा डबा पैसे वाचवायच्या घाईत काढू नये, हे माझं ठाम मत आहे. आणि अर्ज भर. २०२४च्या पदवीधर भरतीत गुड्स ट्रेन मॅनेजरच्या ३,१४४ जागा होत्या. जे खातं उद्या हे काम बंद करणार, ते एवढी माणसं घेत नाही.

आता सविस्तर.

कबूस हा शब्द डच खलाशांकडून आला असं मानतात. जहाजावरच्या स्वयंपाकघराला ते असंच काहीसं म्हणत. अमेरिकेच्या त्या डब्यात शेगडी असे, झोपायला बाकं असत आणि छतावर काचेची एक छोटी खोली असे. तिथे बसून माणूस पुढच्या सगळ्या वाघिणींवर नजर ठेवायचा. आपल्या डब्यात शेगडी कधी नव्हती आणि छतावरची खोलीही नव्हती. आपल्याला दोन बाजूंचे उघडे व्हरांडे, एक बाक, हातब्रेकचं चाक आणि हवेचा दाब दाखवणारं घड्याळ. काम मात्र दोन्हीकडे सारखंच.

हे काम पार सुरुवातीला फार कठीण होतं. हवेच्या ब्रेकचं पेटंट जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९मध्ये घेतलं. त्याआधी गाडी थांबवायची म्हणजे माणसं वाघिणींच्या छतावरून पळत जाऊन एकेक हातब्रेक आवळायची. मागच्या डब्यातला माणूस शेपूट आवरून धरायचा. हवेचा ब्रेक आल्यावर ते काम हलकं झालं, पण डबा राहिला, कारण बाकीची कामं राहिली होती. गाडी पूर्ण आली की मध्येच तुटली हे पाहणं. गाडी मध्येच उभी राहिली तर मागून येणाऱ्याला थांबवणं. तापलेला आस (चाकांना जोडणारा दांडा), लोंबकळणारा दरवाजा, घासणारा ब्रेक हेरणं. कागद सांभाळणं. आणि वेळ पडली तर मागून ब्रेक लावणं.

आपल्या गाडीचं सांगतो, म्हणजे तुझ्या परीक्षेलाही उपयोगी पडेल. कोळशाच्या रेकला, म्हणजे जोडलेल्या वाघिणींच्या पूर्ण रांगेला, ५८ वाघिणी धर. एक वाघीण पावणेअकरा मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे इंजिनापासून माझ्या डब्यापर्यंत साडेसहाशे मीटरच्या आसपास. ब्रेकपाइप म्हणजे गाडीभर जाणारी ब्रेकच्या हवेची नळी; इंजिनात तिचा दाब ५ किलो असतो, माझ्या घड्याळात ४.८च्या आसपास दिसला पाहिजे. तो दिसला म्हणजे हवा साडेसहाशे मीटर पार करून शेपटीपर्यंत आली. मधला एखादा कॉक (हवेची तोटी) कोणी बंद ठेवला असेल, तर लोको पायलट पुढून कितीही ब्रेक लावो, मागच्या वाघिणींना पत्ता लागत नाही. ते फक्त माझं घड्याळ सांगायचं. माझ्या डब्यावर दिवसा एलव्हीची, म्हणजे 'हा शेवटचा डबा' सांगणारी पाटी, रात्री लाल दिवा. स्टेशन मास्तर ती पाहिल्याशिवाय मागच्या स्टेशनला गाडी पूर्ण आल्याचं कळवायचे नाहीत. आणि गाडी मध्येच अडली तर मागून येणाऱ्या गाडीला इशारा म्हणून रुळावर लावायचे फटाके पेटीतून घेऊन चालायचं : ६०० मीटरवर एक, १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. पावसाळ्यात, काळ्या मातीच्या पट्ट्यात, रात्री दोन वाजता ते १,२०० मीटर काय असतात ते चालल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत हा डबा एका दिवसात गेला नाही. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट या कंपनीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तो सोडायला सुरुवात केली. १९८२मध्ये कामगार संघटनेशी करार झाल्यावर बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी तोच रस्ता धरला. दर गाडीवरची माणसं पाचावरून हळूहळू दोनावर आली आणि ती दोघंही इंजिनात बसू लागली. कबूसच्या जागी लुकलुकणाऱ्या दिव्याची पेटी आली. तिथले रेल्वेवाले तिला फ्रेड म्हणतात. इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती, पण ऐकताना वाटतं एखाद्या सोबत्याचंच नाव घेतात. ही पेटी ब्रेकपाइपला जोडलेली असते आणि शेवटच्या टोकाचा दाब रेडिओवरून इंजिनाला कळवत राहते.

आता इथे जरा थांब, कारण माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. पहिली पेटी नुसती सांगायची, करायची काही नाही. दाब किती ते कळवायची, पण ब्रेक लावू शकायची नाही. १ फेब्रुवारी १९९६ला कॅलिफोर्नियातल्या कॅहॉन घाटात एक मालगाडी उतारावर सुटली. हवा मध्येच कुठेतरी अडली होती, त्यामुळे पुढून लावलेला ब्रेक मागे पोचला नाही. गाडीवरचे दोन कर्मचारी गेले. त्यानंतर १९९७मध्ये तिथल्या सरकारने नियम केला, की पेटी दुहेरी हवी. इंजिनातून बटण दाबलं की मागच्या टोकाची हवा तिने सोडली पाहिजे आणि ब्रेक मागून पुढे लागला पाहिजे (नळीतली हवा गेली की ब्रेक लागतो). म्हणजे काय झालं? माझ्या डब्यात हाताशी जो व्हॉल्व्ह होता, तो त्यांना पेटीत घालावा लागला. डबा काढला, पण डब्यातलं एकेक काम परत आणत बसावं लागलं. गाडी मध्येच तुटली का, हे पेटीने कळवलेल्या दाबावरून ओळखायचं ठरलं. तापलेला आस हेरायला रुळाकाठी उष्णता मोजणारी यंत्रं लावली. लांब गाडीच्या मागे आणि मध्ये इंजिनं लावून ती पुढच्या इंजिनातून रेडिओने चालवली. माझं म्हणणं असं, की कबूस तिकडे तुकड्यातुकड्याने परत आलेलाच आहे. आला नाही तो फक्त माणूस.

आणि पेटीला मी नावं ठेवणार नाही. तिला झोप येत नाही, मे महिन्यात तिला चक्कर येत नाही, तिचं घड्याळ धुक्यातही वाचता येतं. दाबाच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा चोख आहे. मी बारा तासांच्या ड्युटीनंतर कंदिलाच्या उजेडात घड्याळाचा काटा वाचलेला माणूस आहे, मला फरक कळतो.

पण तिला हाक मारता येत नाही. यावर एक रात्र सांगतो.

२००३चा डिसेंबर. वणीकडचा कोळसा भरलेला रेक घेऊन आम्ही भुसावळच्या बाजूला निघालो होतो. वर्धा सुटली, पुलगावला नदी ओलांडली. थंडी अशी की डब्याच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. तळणीच्या अलीकडे एका वावरात मला टॉर्च दिसला. कोणीतरी तो उभा-आडवा जोरात हलवत होतं. तुरीचे दिवस होते. रानडुकरं तूर लोळवतात म्हणून कास्तकार जागलीला बसतात, त्यांचे टॉर्च रात्रभर दिसतात. पण जागलीवाला टॉर्च वावरात फिरवतो, गाडीवर नाही. हा माणूस गाडीबरोबर धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, पळत होता आणि ओरडत होता. शब्द कळत नव्हते. मी व्हरांड्यातून वाकून पुढे पाहिलं. गाडी सरळ होती, काही दिसेना. मग थोडं वळण आलं आणि पुढे बऱ्याच अंतरावर एका चाकाशी लाल ठिपका दिसला. ठिणग्या नव्हत्या. विडी ओढताना टोक फुलतं तसा फुलणारा ठिपका होता.

वॉकीटॉकीवर लोको पायलटला सांगितलं, त्यांनी गाडी आवरली. कंदील घेऊन चालत गेलो. इंजिनाकडून सहायक आला. इंजिनापासून ४१वी वाघीण. आसाचं बेअरिंग फुटून ग्रीस पेटलं होतं. पाणी टाकायचं नसतं, तापलेला आस तडकतो. आम्ही दोघांनी हातांनी माती टाकली. कंट्रोलला कळवून, माणूस चालतो त्या वेगाने गाडी तळणीला लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घेतली आणि ती वाघीण कापली. कॅरेज-वॅगनचे कर्मचारी सकाळी आले, तेव्हा त्यांनी आसाचं टोक पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. आणखी किती किलोमीटर चाललं असतं, हे कोणी बोललं नाही. शेजारच्या लाइनीवर त्या वेळेला मुंबईकडून येणाऱ्या प्रवासी गाड्या असतात.

तो कास्तकार धापा टाकत आमच्यापर्यंत आला होता. इंजिन त्याच्यासमोरून निघून गेल्यावर त्याला ते चाक दिसलं. तेव्हा तो टॉर्च कोणाला दाखवणार होता? लोको पायलट तर चारशे-साडेचारशे मीटर पुढे गेलेला. दाखवायला मागे मी होतो. हीच गोष्ट फाटकावरच्या गेटमनची आणि स्टेशनच्या पॉइंट्समनची. जाणाऱ्या गाडीच्या दोन्ही अंगांनी उभं राहून ती पाहायची आणि काही वावगं दिसलं तर लाल झेंडी दाखवायची, असा नियम आहे. वावगं चाळिसाव्या वाघिणीत असेल तर झेंडी पाहायला मागचा माणूसच उरतो. सगळी लाइन डोळ्यांनी भरलेली असते बाबू : गँगमन, गेटमन, जागलीवाला, बकऱ्या राखणारी बाई, तुझ्यासारखा हात दाखवणारा पोरगा. या सगळ्या डोळ्यांचं टोक गार्डाच्या डब्यात असतं. ब्रॉडगेजवरची बिनमाणसांची फाटकं २०१९च्या जानेवारीत संपली, ते फार चांगलं झालं. आता माणसं असलेली फाटकंही बोगदे आणि पूल होऊन बंद होत आहेत. अपघात कमी होतील, पण गाडी पाहणारे डोळेही कमी होतील, हे धरून चालावं लागेल.

अमेरिकेत लोक कबूसची आठवण काढतात ती ३ फेब्रुवारी २०२३च्या रात्रीनंतर जास्त. ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन नावाच्या गावात मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्यांत रसायनांच्या टाक्या होत्या, गावाला घरं सोडावी लागली. कारण एका वाघिणीचं तापलेलं बेअरिंग. रुळाकाठची यंत्रं होती, पण दोन यंत्रांच्या मधल्या अंतरात बेअरिंगचा ताप वाढत गेला. आणि गाव यायच्या कितीतरी मैल आधी, वाटेतल्या एका साध्या कॅमेऱ्यात त्या गाडीखालची आग दिसली होती. कॅमेऱ्याने पाहिलं, पण सांगणार कोणाला? ही बातमी वाचली तेव्हा मला तळणीचा तो धुरा आठवला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग परत का आणत नाहीत? कारणं खरी आहेत, ती बाजूला टाकता येत नाहीत. पहिलं कारण लांबी. तिथल्या काही गाड्या आता तीन मैलांच्या घरात गेल्या आहेत, म्हणजे जवळपास पाच किलोमीटर. एवढ्या गाडीच्या शेपटीला बसलेल्या माणसाला पुढचा निम्मा भागही दिसणार नाही. शिवाय प्रत्येक कपलिंगात थोडी ढिलाई असते. इंजिन ओढू लागलं की ती एकामागून एक ताणली जाते आणि शेवटच्या डब्याला सगळ्यांचा मिळून धक्का बसतो. आपल्या ५८ वाघिणींचा धक्काच असा असतो, की एकदा माजरीला मी बाकावरून फेकला गेलो आणि खांदा चार महिने वर उचलला नाही. अमेरिकेतही कबूसमध्ये अशा धक्क्यांनी माणसं जखमी होत. पाच किलोमीटरच्या शेपटीला माणूस बसवा, असं मी कोणालाही सांगणार नाही.

दुसरं कारण पैसा. मागच्या माणसाचा पगार, डब्याची देखभाल, प्रत्येक यार्डात डबा लावायचा-काढायचा वेळ. तिथे तर इंजिनात दोन माणसं ठेवायची की एकच, यावरच वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि शेवटी एप्रिल २०२४मध्ये, थोडे अपवाद सोडून, दोन माणसं हवीतच, असा नियम तिथल्या केंद्र सरकारने केला. कॅनडात लाक-मेगांतिक गावात ६ जुलै २०१३ला एकट्या माणसाने उभी करून ठेवलेली तेलाची गाडी उतारावरून सुटली आणि ४७ माणसं जळून गेली. पुरेसे हातब्रेक आवळलेले नव्हते. माणसं किती असावीत, हा प्रश्न तिथे अजून एवढा ताजा आहे. जिथे दुसऱ्या माणसासाठी झगडावं लागतं, तिथे मागच्या डब्यातला तिसरा कोण देणार?

तरी कबूस तिथून पूर्ण गेलेला नाही, हे तुझ्या लक्षात आणून देतो. गाडी उलटी ढकलत लांबवर न्यायची असते, तेव्हा पुढच्या टोकाला उभं राहून रस्ता पाहायला माणूस लागतो. वाघिणीच्या शिडीला लटकून तो किती वेळ जाईल? म्हणून अशा फेऱ्यांना जुने कबूस अजून लावतात. आपल्याकडे घुग्घुसच्या बाजूच्या कोळशाच्या साइडिंगांमध्ये रेक मागे ढकलताना आमचा डबा असाच उपयोगी यायचा. व्हरांड्यात झेंडी घेऊन उभं राहायचं, रुळावर ढोर आहे की माणूस, ते आधी आपल्याला दिसतं. माझा अंदाज, तिथे कबूस वाढला तर या कामासाठी वाढेल.

आणि आणखी एक वाट आहे, जी मला सगळ्यांत पटते. लांब गाडीच्या मागे आता इंजिन असतंच. त्याला आसन आहे, काच आहे, दिवा आहे. त्या इंजिनात माणूस बसवा. ज्वलनशील माल नेणाऱ्या गाड्यांना तरी बसवा. डबा बांधायचा खर्च नाही, धक्काही कमी, आणि टॉर्च दाखवणाऱ्याला पाहणारे डोळे मागे राहतात. हे मी आपल्यासाठीही म्हणतो. १५ ऑगस्ट २०२२ला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने सुपर वासुकी नावाची गाडी चालवली. पाच रेक जोडून २९५ वाघिणी, सहा इंजिनं, साडेतीन किलोमीटर लांब. कोळसा घेऊन कोरब्याहून राजनांदगावला आली, म्हणजे त्यांच्या नागपूर विभागाच्या हद्दीत. जोडगाड्या तर आता नेहमीच्या झाल्या आहेत. एका रेकसाठी केलेली व्यवस्था अशा गाड्यांना पुरणार नाही, आणि नुसत्या शेपटीच्या पेटीवर त्या सोडणंही मला पटत नाही.

तू पाहिलेल्या गाड्यांवरची पेटी ही आपल्याकडची तीच वस्तू. एक भाग शेवटच्या वाघिणीवर, तो दाब मोजतो आणि गरज पडली तर हवा सोडतो. दुसरा भाग लोको पायलटसमोर, त्यावर आकडे दिसतात. विशेष सूचनांखाली डब्याशिवाय गाडी चालवायला नियमात जागा आहेच. गाईगावच्या तेलडेपोला जाणारी टाक्यांची गाडी मात्र मी कधी मागच्या माणसाशिवाय सोडली नसती.

आपल्या डब्याबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याच्याविषयी प्रेमाने बोलणारे बहुतेक लोक त्यात कधी बसलेले नसतात. माझी बहुतेक वर्षं जुन्या चारचाकी डब्यात गेली. त्याला स्प्रिंग नावापुरती. पाण्याचा ग्लास भरून ठेवला तर दहा मिनिटांत निम्मा सांडायचा. पंखा नाही, दिवा नाही, शौचालय नाही. मे महिन्यात माजरीला लूपवर सहा-सहा तास उभं राहायचं आणि पारा ४६च्या पुढे. पत्रा असा तापायचा की पाठ टेकता येत नसे. पोट बिघडलं तर कंदील घेऊन झुडपात जायचं आणि तेवढ्यात सिग्नल पडेल या भीतीने परत पळायचं. एका सोबत्याला असंच फुरसं चावलं, वाचला तो नशिबाने. आता या कामावर मुलीही येत आहेत. आठ चाकांचे, शौचालय असलेले नवे डबे आले आहेत, त्यांची चाल पुष्कळ बरी. पण जुने अजून फिरतात. डबा ठेवायचा असेल तर माणसासारखा ठेवा. माणूस आत निम्मा मेल्यासारखा बसला असेल, तर त्याचे डोळे कशाला उघडे राहतील? पेटीच्या बाजूने बोलणाऱ्यांना सगळ्यांत मोठा पुरावा त्या जुन्या डब्यानेच दिला आहे.

जानेवारी २०२२पासून गार्डाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं. नाव चांगलं आहे. आमच्या बायकांना शेजारी विचारायचे, तुमचे यजमान कुठे चौकीदार आहेत? ते आता थांबेल. तू अर्ज भर, बाबू. प्रशिक्षणात नियम शिकवतील, ते पाठ कर. आणि धुऱ्यावर टॉर्च दिसला तर तो डुकरांसाठी आहे की तुझ्यासाठी, हे प्रत्येक वेळी वाकून पाहा.

प्रश्न : माझे यजमान याच वर्षी गुड्स ट्रेन मॅनेजर झाले. कधी दहा तास, कधी चौदा तास गाडीवर. शिदोरीत काय द्यावं, काही टिकत नाही. रागावू नका, प्रश्न साधा आहे. (हिंगणघाट)

उत्तर : ताई, रागावणार कशाला, या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरातून विचारून लिहितो आहे. पोळीपेक्षा ज्वारीची भाकर द्या, ती दुसऱ्या दिवशीही खाता येते. झुणका कोरडा करा, पातळ भाजी नको. जवसाची चटणी आठ दिवस टिकते. उन्हाळ्यात दही पाठवू नका, मे महिन्यात त्या डब्यात ते दोन तासांत आंबतं. त्याऐवजी कांदा द्या आणि थोडी कैरी. मुरमुरे-फुटाण्यांची एक पुडी वेगळी, पहाटे तीन-चार वाजता डोळे मिटू लागतात तेव्हा चावायला काहीतरी लागतं. पाणी पाच लिटरहून कमी नको. वाटेतल्या छोट्या स्टेशनवर नळ असतोच असं नाही, आणि असला तरी गाडी तिथे थांबेल असं नाही. सुती दुपट्टा उन्हाळ्यात ओला करून डोक्याला, हिवाळ्यात कानाला. टॉर्चचे जादा सेल शिदोरीच्याच पिशवीत ठेवा, म्हणजे विसरणार नाहीत.

डबा घट्ट झाकणाचा, पिळाचा घ्या. आणि लोणचं वेगळ्या डबीत द्या. गाडी सुटताना धक्का बसला की तेल सगळ्या भाकरींवर पसरतं.